जेटीवरची पट्टी: कोकणातल्या कॉलेजात गणित शिकवायला आलात तर

तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीनला भरती, दुपारी तीनला भरती. हा हिशेब किनाऱ्यावरची माणसं तोंडी करतात, त्यासाठी कागद लागत नाही.

मी रुजू झालो त्या वर्षी टी.वाय.ला फूरिए श्रेणी, म्हणजे कुठलाही आलेख लाटांच्या बेरजेनं मांडणं, घेतली. महिनाभर फळा भरला आणि पुसला. शेवटच्या तासाला सहज विचारलं, "वारंवारता म्हणजे काय, आपल्या शब्दांत सांगा." वर्ग गप्प. त्या वर्गात कितीतरी मुलं मच्छीमारांच्या घरातली होती. ज्यांच्या घरची चूल भरती-सुकतीच्या वेळेवर पेटते, त्यांना वारंवारता सांगता येईना, आणि चूक त्यांची नव्हती.

तुम्ही आता नव्याने येताय, उपयोजित गणिताचा पेपर तुमच्या गळ्यात पडलाय आणि "मुलांना संशोधनाची ओळख करून द्या" असंही वरून सांगितलं गेलंय. संशोधनाचे पेपर दाखवून सुरुवात केलीत तर मुलं माना डोलावतील आणि पुढच्या तासाला निम्मी येणार नाहीत. एक पट्टी घ्या, जवळच्या जेटीवर जा, पाणी मोजा. एका सत्राचं काम आहे आणि नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट असल्यामुळे कागदोपत्रीही बसतं. ते कसं करायचं, ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी पैज लावा

पट्टी पाण्यात जाण्यापूर्वी प्रत्येकाला कोऱ्या कागदावर पुढच्या पंधरा दिवसांचा पाण्याचा आलेख काढायला लावा. पुस्तक बंद, मोबाइल बंद. घरी विचारायची मात्र मुभा. हे कागद सही करून पाकिटात ठेवा. सत्राच्या शेवटी ते उघडायचे आहेत.

मग पाऊणपटीचा नियम फळ्यावर घ्या आणि मुलांना तो तपासू द्या. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तीस तिथी होतात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळाची २४ तासांची पूर्ण फेरी मारते. म्हणजे एका तिथीला २४ भागिले ३० तास, बरोबर ४८ मिनिटं. जुन्या मापात दोन घटका. पाऊणपट मात्र ४५ मिनिटंच देते. पंधरा तिथींत तीन-तीन मिनिटं साचून ४५ मिनिटांची तूट येते: पौर्णिमेला नियम सांगतो सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण. दीड तासाची उडी! समुद्र असा उडी मारत नाही. मग "चार पंचमांश" असा नियम का नाही रूढ झाला? कारण होडीत उभ्या असलेल्या माणसाला पाऊणपट चटकन जमते आणि पाऊण तासाची चूक त्याला चालते. मॉडेल म्हणजे काय, अचूकता आणि सोय यांचा सौदा कसा होतो, हे या एका उदाहरणात येऊन जातं.

कुणीतरी विचारेलच: "सर, पुस्तकात तर भरती रोज ५० मिनिटं उशिरा येते असं आहे, मग ४८ कुठून?" उत्तर लगेच देऊ नका. ५० मिनिटांचा उशीर हा एका भरतीपासून दुसऱ्या दिवशीच्या भरतीपर्यंत, म्हणजे २४ तास ५० मिनिटांत होतो. तिथी सरासरी २३ तास ३७ मिनिटांची. त्रैराशिक मांडलं की ४८ येतात. माझ्या वर्गात हे एका मुलीनं बसच्या तिकिटाच्या मागे सोडवलं होतं.

शिवाय प्रत्येक बंदराला स्वतःचा एक ठरावीक फरक असतो. आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मुंबईला बसणारा नियम मालवणला तंतोतंत बसणार नाही. तुमच्या जेटीचा आकडा मुलांना काढू द्या.

जागा, पट्टी, परवानगी

हंगाम दिवाळीनंतरचा. पावसाळ्यात खाडीत नदीचं पाणी येतं, समुद्र खवळलेला असतो, आणि मुलांना तिकडे नेणं हा शुद्ध वेडेपणा. शिमग्याच्या आत काम संपवा, शिमग्यात वर्गात कुणी सापडत नाही.

जागा पक्क्या जेटीची घ्या, खडकाची नको. सुकतीलाही तळ उघडा पडणार नाही एवढं पाणी हवं. बंदर खात्याच्या स्थानिक कार्यालयाला आणि ग्रामपंचायतीला पत्र द्या, आणि त्याआधी तिथल्या एखाद्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, जाऊन भेटा. पत्राला उत्तर येईपर्यंत तांडेल काका तुम्हाला जागा दाखवूनही मोकळे होतील. रात्रीच्या वाचनाला दोघांपेक्षा कमी मुलं नकोत, लाइफ जॅकेट हवंच.

पट्टी म्हणजे सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेली फळी. लाटांमुळे पाणी सतत हलतं, म्हणून मिनिटभरात दहा वेळा लाटेचा माथा आणि तळ वाचून सरासरी घ्यायची. याहून चांगला उपाय: चार इंची पीव्हीसी पाइप उभा बांधा, तळ बंद करा, खाली बाजूला बोटाएवढं भोक पाडा आणि आत थर्मोकोलच्या बोयावर उभी काठी सोडा. पाच-दहा सेकंदांच्या लाटेला त्या भोकातून पूर्ण आत शिरायला वेळच मिळत नाही, भरती मात्र सावकाश येते आणि पूर्ण आत येते. पहिल्या वर्षाला शिकवलेलं पहिल्या कोटीचं अवकल समीकरण इथे डोळ्यांसमोर उभं राहतं: आतल्या पातळीचा बदल बाहेर-आतच्या फरकाच्या प्रमाणात. हुशार मुलं पकडतात की भोकातून पाणी त्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातं, म्हणजे समीकरण खरं तर रेषीय नाही. पकडू द्या.

आमची पहिल्या वर्षीची पट्टी तिसऱ्या दिवशी दहा सेंटिमीटर खाली सरकली, कारण कुणीतरी तिलाच होडी बांधली. तेव्हापासून शून्याची खूण जेटीच्या भिंतीवर ऑइलपेंटने करतो आणि रोज पहिलं वाचन घेण्याआधी पट्टीचा शून्य तिच्याशी जुळवून पाहतो. तुम्हीही करा.

किती वेळा मोजायचं

नवखे शिक्षक इथेच फसतात, म्हणून जरा थांबतो.

एका गटातल्या मुलीनं ठरवलं की रोज दुपारी बारालाच जायचं, म्हणजे शिस्त राहील. महिनाभर गेली, एकही दिवस चुकली नाही. तिचा आलेख सुंदर आला, सुमारे पंधरा दिवसांची एकच संथ लाट. तिनं निष्कर्ष लिहिला: "आमच्या बंदरावर पंधरा दिवसांत एकदा भरती येते." आलेख तिच्या आजीला दाखवला तेव्हा आजी म्हणे पोट धरून हसली.

तो आलेख खोटा नव्हता. चंद्राची मुख्य भरती, जिला एम-२ म्हणतात, १२.४२ तासांनी येते. चोवीस तासांत तिच्या १.९३ फेऱ्या होतात. रोज एकदाच पाहिलं तर दोन फेऱ्यांना जेवढी कमी पडते तेवढीच दिसते, आणि ती तूट भरायला १४.७७ दिवस लागतात. सूर्याची भरती एस-२, बरोबर १२ तासांची, तिला तर कधीच दिसली नसती. रोज बारा वाजता ती त्याच टप्प्यावर असते, म्हणून स्थिरांकात मिसळून गेली. एलियासिंगवर, म्हणजे विरळ मोजल्यामुळे भलतीच लाट दिसण्यावर, मी फळ्यावर कितीही बोललो असतो तरी त्या आलेखाइतकं समजलं नसतं. आता मी दर वर्षी एका गटाला मुद्दाम दुपारी बाराचंच काम देतो, कारण सांगत नाही.

बाकी गटांनी दिवसाउजेडी दर तासाला वाचन घ्यायचं, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, पंधरा दिवस. रोज १३, एकूण १९५ वाचनं. एकदा, शक्यतो पौर्णिमेला, सलग २५ तास दर अर्ध्या तासाला. ती रात्र मुलं विसरत नाहीत. डबे, चहा, कुणीतरी ढोलकी आणतं.

पंधराच दिवस का? एम-२ ताशी २८.९८ अंश सरकते, एस-२ ताशी ३०. दोघींतला फरक ताशी १.०२ अंश, दिवसाला सुमारे २४.४. पूर्ण ३६० अंशांचा फरक पडायला १४.७७ दिवस लागतात. तेवढा काळ पाहिल्याशिवाय या दोन लाटा वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्या जुळून आल्या की उधाण, एकमेकींच्या विरुद्ध गेल्या की भांग. समजा एम-२ चा विस्तार ८० सेंटिमीटर आणि एस-२ चा ३०. उधाणाला पाणी सरासरीच्या वर-खाली ११० जाईल, भांगाला फक्त ५०. त्याच मुलीची आजी अष्टमी-नवमीला कालवांना जात नाही, "पाणी आटतच नाय" म्हणते. तिच्या वाक्यात ८० उणे ३० आहे.

नोंदवहीत तारीख, २४ तासी वेळ, वाचन, वारा आणि वाचणाऱ्याची सही. "३ वाजता" असं कुणी लिहिलं तर ते वाचन बाद. पहिल्या वर्षी पहाटेचे आणि दुपारचे तीन एकमेकांत मिसळल्यामुळे आमचा अख्खा शनिवार वाया गेला होता.

नऊ अज्ञात

आता संगणक. चार लाटा घ्या: एम-२, एस-२, आणि दिवसातून एकदा येणाऱ्या के-१ (२३.९३ तास) व ओ-१ (२५.८२ तास). प्रत्येकीसाठी एक कोसाइनचा आणि एक साइनचा गुणांक, अधिक सरासरी पातळी. चार दुणे आठ आणि एक, नऊ अज्ञात. समीकरणं १९५. वारंवारता शोधायची नाहीच, ती चंद्र-सूर्यानं ठरवून दिलेली आहे. त्यामुळे प्रश्न रेषीय होतो आणि लीस्ट स्क्वेअर्सनं, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करून, सुटतो.

पायथन किंवा सायलॅब, दोन्ही फुकट. आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत, ज्या मुलांना इंग्रजीचा धाक वाटतो त्यांना ती द्या. भरतीच्या विश्लेषणासाठी यूटाइडसारखी तयार पॅकेजही मिळतात, पण पहिल्यांदा मॅट्रिक्स मुलांनी स्वतः भरावं. १९५ ओळी, ९ स्तंभ. पहिला स्तंभ नुसत्या एकांचा. तो पाहून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, सरासरी ही शून्य वारंवारतेची लाट." मी ते त्या वर्गापुढे कधी बोललो नव्हतो.

मग त्यांना मुद्दाम फक्त एका दिवसाच्या वाचनांवर तेच करायला सांगा. भांगाच्या दिवसात आमच्या एका गटानं हे केलं. उत्तर आलं: एम-२ दीड मीटर, एस-२ जवळजवळ एक मीटर, दोघी परस्परविरुद्ध. त्या दिवशी पाणी सव्वा मीटरही चढलं-उतरलं नव्हतं. तरी वाचनांवरून गेलेली वक्ररेषा इतकी गुळगुळीत होती की गट खूश. मी म्हटलं, "आता याच सूत्रानं पुढच्या आठवड्याचं सांगा." सात दिवसांत दोघींतला फरक १७१ अंशांनी सरकतो, म्हणजे विरुद्ध असलेल्या दोघी एकत्र झाल्या आणि सूत्रानं भाकीत केलं की पाणी सरासरीच्या जवळजवळ अडीच मीटर वर चढेल. जेटी पाण्याखाली! सातव्या दिवशी सगळे जाऊन पाहून आले, जेटी कोरडी होती.

एका दिवसात एम-२ आणि एस-२ चे स्तंभ जवळजवळ समांतर असतात, म्हणून एकाला वाढवून दुसऱ्याला तेवढंच उलट वाढवलं तरी बेरीज बिघडत नाही. हे मुलांनी अनुभवलं की मगच कंडिशन नंबर (वाचनातली बारीक चूक उत्तरात किती फुगते याचं माप) हा शब्द काढा. लीस्ट स्क्वेअर्स सोडवायची क्यूआर पद्धत नॉर्मल समीकरणांपेक्षा का बरी, हेही याच ठिकाणी सांगून टाका.

इतिहासाचा एक तास द्यायला हरकत नाही. लॉर्ड केल्विननं १८७० च्या दशकात कप्प्या आणि दोरीनं अशा लाटांची बेरीज करणारं यंत्र करवलं आणि १८७९ मध्ये खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी तसं यंत्र तयार झालं. आजचे भरतीचे तक्ते भारतीय सर्वेक्षण विभाग छापतो. तुमच्या वर्गाचं भाकीत त्यांच्या तक्त्याशेजारी ठेवून पाहा.

उरलेलं पाणी

मोजलेल्या पातळीतून सूत्राची पातळी वजा केली की काही सेंटिमीटर उरतात. आजचं संशोधन या उरलेल्या पाण्यात आहे, आणि आता मुलं ते ऐकायला तयार असतात.

त्यात हवा आहे: हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, ते आठवणारी मुलं तुमच्या वर्गात असतील. वादळानं फुगणारं पाणी आधी सांगणं हा संगणकीय गणिताचा मोठा प्रश्न आहे, आणि हैदराबादची इन्कॉईस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था रोज असे अंदाज देते. त्यात जमिनीचा आकारही आहे. भरतीची लाट उथळ पाण्यात गुरुत्वत्वरण गुणिले खोलीच्या वर्गमुळाएवढ्या वेगानं जाते. ५० मीटर खोलीला सेकंदाला २२ मीटर, ताशी ८० किलोमीटर, आपल्या कोकण रेल्वेच्या गाडीसारखी. उत्तरेकडे उथळ पट्टा रुंद होत जातो, म्हणून रत्नागिरीला उधाणाचा फरक साधारण दोन-अडीच मीटर असतो आणि खंभातच्या आखातात भावनगरला तो दहाच्या आसपास जातो. नोंदींवरून तळाचं घर्षण किंवा खोली उलट काढायची, याला इन्व्हर्स प्रॉब्लेम म्हणतात. खाड्यांतल्या भरतीवर गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं मांडवी-जुवारीत बरंच काम केलंय.

वर्गात करून दाखवता येईल अशी एकच गोष्ट निवडायची तर डेटा असिमिलेशन, म्हणजे सूत्राचा अंदाज आणि मोजमाप यांचा मेळ घालणं, निवडा. सूत्र सांगतं १४२ सेंटिमीटर, त्याची नेहमीची चूक ६ ची. पट्टी सांगते १५०, तिची चूक ३ ची. खरं किती मानायचं? चुकांचे वर्ग ३६ आणि ९. पट्टीला वजन ३६ भागिले ४५, म्हणजे ०.८. उत्तर १४२ अधिक ०.८ गुणिले ८, म्हणजे १४८.४, आणि नवी चूक २.७, म्हणजे दोघांपेक्षाही कमी. १९६० मध्ये काल्मन यांनी मांडलेल्या फिल्टरचा गाभा एवढाच. हवामानाच्या अंदाजात हेच लाखो चलांवर चालतं, आणि तिथे मॅट्रिक्स संगणकात मावत नाही म्हणून नवनव्या युक्त्या लागतात. त्या युक्त्यांवर आज माणसं पीएचडी करतात.

न्यूरल नेटवर्कबद्दल मुलं विचारतीलच. समीकरणालाच शिकण्याच्या निकषात घालणारी पिन्स नावाची पद्धत २०१९ पासून गाजतेय; मोजमापांतून थेट समीकरण शोधणारी सिंडी २०१६ ची. दोन्ही वाचण्यासारख्या आहेत. पण जिची वारंवारता आकाशात लिहिलेली आहे त्या एम-२ साठी न्यूरल नेटवर्क लावणं म्हणजे डास मारायला तोफ. ते उरलेल्या पाण्यावर लावा, तिथे कदाचित काही हाती लागेल. माझ्या मुलांना अजून लागलेलं नाही.

संशोधनाचे पेपर अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मुलाला अख्खा पेपर देऊ नका. एक आकृती निवडायला सांगा आणि तीच आपल्या आकड्यांवर पुन्हा काढायला लावा. दोन महिने त्यात जातात.

वर्ग कसा चालवायचा

चार-चार जणांचे गट, प्रत्येक गटात किनाऱ्यावरचं एक तरी मूल. आधी प्रश्न, मग गटात वाद, मग फळा. याला आधार आहे: २०१४ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के मुलं नापास होत होती आणि मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. पण एक इशारा. २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात दिसलं की अशा पद्धतीत मुलं जास्त शिकली, तरी आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. तुमच्याकडेही चौथ्या आठवड्यात कुणीतरी प्राचार्यांकडे जाईल, "सर शिकवतच नाहीत." म्हणून पहिल्याच तासाला हे आकडे मुलांना दाखवा. मी दाखवले नव्हते.

भाषेचा हट्ट नको. गटात मालवणीत बोलू देत, फेज, अ‍ॅम्प्लिट्यूड हे शब्द जसेच्या तसे येऊ देत. अहवाल मराठीत लिहिला तरी चालेल हे सांगा, परीक्षेच्या संज्ञा इंग्रजीत बाजूला लिहून घ्या.

गुण देताना वक्ररेषा किती छान बसली याला गुण ठेवले तर मुलं वाचनं बनवतात. एकदा मला शून्य चुकीचा आलेख मिळाला होता. समुद्राला इतकं व्यवस्थित वागायची सवय नाही. गुण ठेवा ते उरलेल्या पाण्याच्या स्पष्टीकरणाला. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्या गटाचा आलेख द्या आणि विचारा, हा कुठल्या तिथीला सुरू झाला असेल?

शेवटच्या तासाला पाकिटं उघडा. बहुतेक कागदांवर रोज त्याच वेळी येणारी, एकाच उंचीची लाट असते. एखाद्या कागदावर मात्र लाट मध्ये बारीक झालेली आणि पुढे फुगलेली दिसते. त्या मुलाला विचारा, घरी कुणाला विचारलंस?

मे संपायच्या आत पट्टी आणि पाइप काढून आणा, पहिल्या पावसात दोन्ही वाहून जातात. भिंतीवरची शून्याची खूण पुन्हा रंगवा आणि जवळच्या पक्क्या बांधकामापासून तिची उंची दोरी-ओळंब्यानं मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या नोंदी १८७८ पासून एकमेकींशी जोडता येतात, कारण त्यांचा शून्य जपलेला आहे. तुमच्या पुढच्या वर्षीच्या वर्गाला यंदाच्या वाचनांना आपली वाचनं जोडायची आहेत.